छत्तीस जीबी कुणी खाल्ले?

मापात आपल्याला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं काटेसाहेब छातीठोकपणे सांगत. आडनाव त्यांचं वेगळंच होतं. पण वजनमाप खात्यात निरीक्षक म्हणून उभी हयात गेली, आणि लोकांनी त्यांचं आडनाव काट्यावर नेऊन ठेवलं ते कायमचं. पुढं तर पोस्टमनसुद्धा पाकिटावरचं खरं आडनाव वाचून म्हणायचा, "हे कोण हो तुमच्याकडं राहतात?"

निवृत्त होऊनही त्यांचा हात काही निवृत्त झाला नव्हता. बिस्किटांचा पुडा घरात आला की आधी काट्यावर जायचा, मग बशीत. साबणाची वडीसुद्धा वजन झाल्याशिवाय ओली व्हायची नाही! एकदा तर पाहुण्यांनी आणलेली मिठाई पाहुण्यांच्या देखतच तोलली, आणि वर "पाच ग्रॅम जास्त आहे बरं का!" असं कौतुकही केलं. पाहुण्यांनी पुढं घरी येणंच बंद केलं, पण तो भाग वेगळा.

काटेकाकूंनी या काट्याशी कधीच जमवून घेतलं होतं. त्या शिवणकाम करायच्या. कोट, फ्रॉक, शाळेचे गणवेश, नाटकमंडळींचे झगे. कापड हातात आलं की काकूंची कात्री लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरायची. आता डोळ्यांना रात्रंदिवस मशिनीवर बसणं झेपेना. तेव्हा परगावी असलेल्या लेकीनं डोक्यात भरवलं, "आई, तू ऑनलाइन शिकव. बेतणं आणि कापणं. घरबसल्या!"

काकू आधी नाही नाही म्हणाल्या. मग आरशासमोर उभं राहून "नमस्कार, आज आपण माप घ्यायला शिकू" असं पुटपुटताना सापडल्या. लेकीनं जाहिरात टाकली आणि बघता बघता वर्ग भरला! पहिला वर्ग शनिवारी सकाळी. काकूंच्या चेहऱ्यावर असं तेज, की काटेसाहेबांना लग्नातली आठवण झाली.

आता वर्गासाठी लॅपटॉप हवा. कोपऱ्यावर एका तरुण बाईंनी नवीनच दुकान काढलं होतं. बोलायला गोड आणि दुकान असं लख्ख, की चप्पल बाहेर काढावीशी वाटावी. लॅपटॉप घेतला. खोक्यावर ठसठशीत लिहिलं होतं: पाचशे बारा जीबी.

"जीबी म्हणजे काय हो?" काकूंनी विचारलं.

"आतली जागा," काटेसाहेब म्हणाले. "जेवढे जीबी, तेवढं मोठं कपाट!"

घरी आल्यावर काकू उत्साहानं खोकं उघडायला गेल्या.

"थांब! तपासणी!"

लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या काट्यावर चढला. वजन बरोबर! वायरीची लांबी बरोबर! काटेसाहेबांचा चेहरा जरा पडलाच. मग लेकीनं फोनवरून सांगितलं त्याप्रमाणे त्यांनी हे दाब, ते दाब करत आतली जागा उघडली. आणि खुर्चीतून ताडकन उठले!

"चारशे शहात्तर!"

"काय चारशे शहात्तर?"

"पाचशे बारा सांगून चारशे शहात्तर दिलेत! छत्तीस कुणी खाल्ले?"

काकूंनी घाबरून लॅपटॉप उचलून खाली बघितलं, की काही सांडलंय का.

लेकीला पुन्हा फोन गेला. ती ऑफिसच्या गडबडीत होती. "बाबा, थोडी जागा आतली सिस्टिम घेते ना…"

"म्हणजे घर विकत घेतलं आपण, आणि भाडेकरू आधीच आत?"

"ते वेगळं हो! तुम्ही म्हणताय तो आकडा मोजण्यातला फरक आहे. कंपनी हजारानं मोजते. कॉम्प्युटर दुपटीदुपटीनं मोजतो, दोन, चार, आठ, सोळा असं. तसं जाता जाता त्याला हजारावर थांबताच येत नाही, तो एक हजार चोवीसवर जाऊन थांबतो. आणि त्यालाच तो…"

"हजार म्हणजे हजार!" काटेसाहेब गरजले. "किलो म्हणजे हजार! जगात कुठंही जा!"

"बाबा, मीटिंग आहे, ठेवते!"

"बघ," काटेसाहेब काकूंना म्हणाले, "पोटची पोरगीसुद्धा दुकानदाराची बाजू घ्यायला लागली."

आणि तडक कोपऱ्यावरच्या दुकानात.

दुकानदार बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग काचेच्या कपाटातला दुसरा लॅपटॉप काढून चालू केला. त्यावरही पाचशे बारा लिहिलेलं, आतून चारशे शहात्तर! तिसरा काढला. तोही तसाच!

"बघा काका," त्या हसून म्हणाल्या, "सगळीकडं असंच असतं."

झालं! बिचारीला काय माहीत, की काटेसाहेबांनी आयुष्यात जेवढे म्हणून लबाड दुकानदार पकडले, त्यातल्या प्रत्येकानं पकडल्यावर हेच वाक्य म्हटलं होतं! खालून पोखरलेलं वजन हातात घेऊन उभा असलेला माणूससुद्धा म्हणाला होता, "साहेब, सगळीकडं असंच असतं."

"सगळीकडं?" काटेसाहेबांचा आवाज कापरा झाला. "म्हणजे टोळी आहे!"

"काका, मी समजावते ना, पाणी घ्या आधी…"

"पाणी नको! पाण्याचंही माप बघावं लागेल!"

ते घरी आले तेव्हा काकू लेस आणायला गेल्या होत्या. टेबलावर लॅपटॉप. काटेसाहेबांनी त्याच्याकडं बघितलं, आणि त्यांच्यातला निरीक्षक जागा झाला. हा आता लॅपटॉप नव्हता. हा मुद्देमाल होता! आणि मुद्देमाल म्हटला की सील आलंच!

टेबलावरच एक छान राखाडी कापड पडलं होतं. लॅपटॉप त्यात गुंडाळला. काकूंच्या सुईदोऱ्यानं चारी बाजूंनी शिवून टाकला, हातभर लांब टाके घालत. कपाटाच्या तळातून जुन्या दिवसांची लाखेची कांडी निघाली. मेणबत्तीवर धरून त्यांनी टाक्याटाक्यावर लाख ठिबकवली. मोहोर मात्र खात्यात जमा झाली होती. मग काकूंच्या डब्यातलं कोटाचं मोठं बटण घेऊन दाबलं. चार भोकांचा सुरेख ठसा उमटला! काटेसाहेब दोन पावलं मागं सरकून बघत राहिले. इतकं समाधान त्यांना निवृत्तीनंतर पहिल्यांदाच मिळत होतं.

काकू आल्या. त्यांनी टेबलाकडं बघितलं आणि हातातली पिशवीच गळाली.

"हे काय?"

"पुरावा. आता याला कुणी हात लावायचा नाही."

"अहो, हे कापड! कोटाची पुढची बाजू आहे ही! वर्गात दाखवायला कापून ठेवली होती!"

"असं? मला वाटलं चिंधी आहे."

त्यांच्या सबंध संसारात काकूंच्या कापडाला कुणी चिंधी म्हटलं नव्हतं. काकू खुर्चीवर बसल्या.

"आणि शनिवारचा वर्ग?"

"अगं, पुढं ढकल! छत्तीस जीबीचा प्रश्न आहे!"

काकू भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "तुम्हाला माझा वर्ग नकोच होता का हो?" आणि उठून आत गेल्या. काटेसाहेब बटणाच्या ठशाकडं बघत उभे राहिले. आता तो ठसा त्यांना तितकासा सुरेख दिसेना. पण माघार घेतील तर ते काटेसाहेब कसले!

त्यांनी शेजाऱ्यांना उठवलं. समोरच्या दारात दातांचे डॉक्टर राहायचे. त्यांनी आपला लॅपटॉप उघडला. लिहिलेले दोनशे छपन्न, आत दोनशे अडतीस!

"अठरा गेले!" डॉक्टर गालावर हात ठेवून म्हणाले. इतकी वर्षं दुसऱ्यांनी असा गालावर हात धरलेला बघायची सवय. स्वतःवर वेळ पहिल्यांदाच आली. "अहो काटेसाहेब, मी पेशंटला दाढ काढतो सांगून सुळा काढला तर चालेल का?"

वरच्या मजल्यावर निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांच्या पेन ड्राइव्हवर बत्तीस लिहिलेलं, आत एकोणतीस आणि काहीतरी. "बत्तीसपैकी एकोणतीस? माझ्या शाळेत असं गणित केलं असतं तर मी वर्गाबाहेर उभं केलं असतं!" मग कुणी फोन बघितला, कुणी मुलांचे टॅब बघितले. ज्यानं त्यानं उघडून बघावं आणि ज्याला त्याला कमीच भरावं! कुणाचेच आकडे जुळेनात. इमारतीच्या जिन्यात गर्दी जमली. पाणी गेलं तरी इतकी गर्दी जमत नाही.

पायरीवर उभं राहून काटेसाहेबांनी असं भाषण ठोकलं, की त्यांच्या निरोप समारंभातही इतकं चांगलं जमलं नव्हतं. "आज छत्तीस जीबी खातात, उद्या छत्तीस पिढ्या खातील!" टाळ्या पडल्या. शनिवारी सकाळी सगळ्यांनी मिळून दुकानावर जायचं ठरलं. डॉक्टर म्हणाले, "मी दवाखाना बंद ठेवतो!" ज्यांची दाढ दुखत होती त्यांचं काय, ते कुणी विचारलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी काटेसाहेब तक्रार लिहायला बसले. काकू समोर मशिनीवर होत्या. बोलत नव्हत्या. मशीनच तेवढी बोलत होती, आणि तीही जरा रागातच.

तक्रार बिनतोड हवी. दुकानदार बाई उद्या ते हजार-चोवीसचं झेंगट पुढं करणारच. तेव्हा ते आधीच आकड्यांनी धुऊन काढायचं! काटेसाहेबांनी काकूंच्या बेतायच्या खाकी कागदाचा तुकडा घेतला आणि पेन्सिल टेकवली. कॅल्क्युलेटरला ते हात लावत नसत. तो कुणी तपासलाय?

केबी, एमबी, जीबी अशा तीन पायऱ्या, म्हणजे एक हजार चोवीस गुणिले एक हजार चोवीस. पुन्हा गुणिले एक हजार चोवीस. उत्तर एवढं लांब आलं, की कागद आडवा करावा लागला. एकशे सात कोटींच्या वर! म्हणजे कॉम्प्युटरचा एक जीबी हा एवढा. आणि कंपनीचा एक जीबी, हजारानंच तीनदा मोजलेला, सरळ शंभर कोटींचा. आता कंपनीचे पाचशे बारा घ्यायचे आणि कॉम्प्युटरच्या मापानं भागायचे. भाग गेला. पुन्हा गेला. पेन्सिलीचं टोक मोडलं. तासलं. पुन्हा भाग गेला.

चारशे शहात्तर.

काटेसाहेबांनी चष्मा पुसला. सगळं पुन्हा मांडलं. पुन्हा चारशे शहात्तर, आणि वर थोडं.

कुणी काही खाल्लंच नव्हतं! माल तेवढाच होता. कंपनीनं लहान मापानं मोजला म्हणून आकडा मोठा, कॉम्प्युटरनं मोठ्या मापानं मोजला म्हणून आकडा लहान. आणि त्यातून किलो म्हणजे हजार हा कायदा धरला, त्यांचा स्वतःचा, तर खोक्यावर लिहिलेलंच खरं होतं! मोठं माप वापरून त्याला लहान मापाचं नाव देत होता तो कॉम्प्युटर. माल चोख, आणि काटा खोटा!

काटेसाहेबांच्या कपाळावर घाम आला. तपासणीला गेलं की आधी काटा तपासायचा आणि मगच माल. हे त्यांनी खात्यातल्या किती नव्या पोरांना दटावून दटावून शिकवलं होतं!

"अगं," ते म्हणाले.

मशीन थांबली नाही.

"अगं, माझं चुकलं."

मशीन थांबली. एवढ्या वर्षांत हे वाक्य त्या घरात नवीनच होतं. काकूंना वाटलं, यांना बरं नाही. त्यांनी येऊन कपाळाला हात लावला.

काटेसाहेबांनी कागद दाखवला. काकूंनी तो आडवा-उभा करून बघितला. "मला यातलं कळत नाही. त्या पोरीनं काही चोरलेलं नाही, एवढंच ना?"

"नाही."

"मग उद्या सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन सांगा तिला. आणि आधी हे उसवा."

उसवायला घेतलं तर लाखेनं आपला इंगा दाखवला. ती कापडातून झिरपून आत गेली होती. झाकण उघडेना. काकूंनी उसवणीनं हळूहळू कडा सोडवल्या तेव्हा कसंबसं उघडलं. लॅपटॉप चालू झाला, पण एक कळ लाखेखाली दबलेलीच राहिली होती. पडद्यावर एकाच अक्षराची रांग मुंग्यांसारखी धावत सुटली. काटेसाहेबांनी ती कळ उपटायचा प्रयत्न केला. मग रांग थांबली. पडदाही थांबला.

शनिवारी सकाळी काटेसाहेब सगळ्यांच्या आधी निघाले खरे, पण डॉक्टर त्यांच्याही आधी पोचले होते! दवाखाना बंद, मग माणूस करणार काय? त्यांच्यामागं मुख्याध्यापिका, त्यांच्यामागं सगळा जिना. दुकानाचं शटर अर्धंच वर गेलेलं, आणि त्याखाली दुकानदार बाई उभ्या. चेहरा पांढराफटक. इतकं लख्ख दुकान, पण आज त्यांना त्यात लपायला जागा दिसेना.

काटेसाहेब पायरीवर चढले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"मंडळी! या बाईंचा काहीही दोष नाही!"

टाळ्या अर्ध्यावर राहिल्या.

"माल पुरा आहे! मी स्वतः हिशेब केलाय! मोजायची मापं दोन आहेत, त्यामुळं…"

"काटेसाहेब," डॉक्टरांचा आवाज आला, "परवा तर तुम्ही टोळी आहे म्हणत होता!"

"ते चुकलं माझं."

"परवा बरोबर आणि आज चुकलं?" मागून कुणीतरी म्हणालं. "काय काका, नवा लॅपटॉप मिळाला वाटतं?"

हशा पिकला. काटेसाहेब मात्र जागच्या जागी गोठले. सगळ्या नोकरीत त्यांनी कुणाचा चहासुद्धा घेतला नव्हता. आता निवृत्तीनंतर, भर रस्त्यात, आपल्याच जिन्यातल्या लोकांसमोर!  पण ते बाजूला झाले नाहीत. शटर आणि गर्दी यांच्यामध्ये हात पसरून तसेच उभे राहिले.

"त्यांनी माझ्याकडून काही घेतलेलं नाही हो!" दुकानदार बाई कळवळून म्हणाल्या. "पाणीसुद्धा घेतलं नाही!"

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत काकू आल्या. काखेत बंद पडलेला लॅपटॉप, त्याला अजून लाखेनं चिकटलेलं कापड, गळ्यात टेप, हातात कात्री. कात्री बघून लोकांनी आपोआप वाट दिली.

"बाई," त्या धापा टाकत म्हणाल्या, "माझी मुलं तिकडं खोळंबलीत. वर्ग आत्ता सुरू व्हायचाय. काही करता येईल का?"

दुकानदार बाईंनी लाखेकडं बघितलं आणि चार भोकांच्या ठशाकडं बघितलं. काचेच्या कपाटातला लॅपटॉप काढून काउंटरवर ठेवला. लेकीनं फोनवरून सांगितलं तसं जोडून दिलं. आणि पडद्यावर एकेक चेहरा उमटायला लागला. कुणी स्वयंपाकघरात, कुणी गॅलरीत, सगळे टेप घेऊन बसलेले!

 पाठीमागं अख्खी गर्दी काचेला नाकं लावून उभी. आणि काकूंना आठवलं, की कोटाचं कापड तर लाखेत गेलं! दाखवायचं काय? त्यांनी इकडंतिकडं बघितलं. शटरपाशी हात पसरून उभा असलेला नवरा दिसला.

"अहो, इकडं या. असेच उभे राहा. हात खाली करू नका."

काटेसाहेब निमूटपणे आले. आज त्यांना कुणी चिंधीच्या जागी उभं केलं असतं तरी ते राहिले असते.

"नमस्कार," काकू म्हणाल्या. टेप हातात येताच त्यांचा आवाज ठाम झाला. "आज आपण माप घ्यायला शिकू. टेप असा काखेखालून. ओढायचा नाही, सैल सोडायचा नाही. ही छाती चाळीस."

"मॅडम," पडद्यावरची एक मुलगी म्हणाली, "माझ्या टेपवर सेंटीमीटर आहेत. मी काय लिहू?"

"मग टेप उलटा करून तुमच्या बाजूनं वाचते. एकशे दोनच्या जरा अलीकडं. काही बिघडत नाही. फक्त माप घेताना एक आणि कापताना दुसरं करू नका, नाहीतर कोटात हत्ती मावेल!"

दारातून डॉक्टरांचं डोकं आत आलं. "थांबा थांबा! म्हणजे चाळीसचे एकशे दोन झाले, आणि छाती तेवढीच?"

"तेवढीच हो! छाती कशी वाढेल?"

डॉक्टर वळले. "अहो, छाती तेवढीच! टेपच्या बाजू दोन आहेत! माझे अठरा गेलेच नाहीत!"

"हेच तर मी मघापासून…" काटेसाहेब म्हणाले.

"हलू नका!" काकू म्हणाल्या.

बाहेर एकमेकांना समजावणं सुरू झालं. मुख्याध्यापिकांनी दुकानदार बाईंपाशी जाऊन सांगितलं, की आमचं चुकलं, आणि वर्गात सांगावं तसं इतरांनाही सांगायला लावलं. मघाशी मागून बोललेल्या माणसानं काटेसाहेबांची नजर चुकवत "काका, राग मानू नका" म्हटलं. जायला मात्र कुणी तयार नव्हतं. वर्ग फारच रंगला होता!

"आता कंबर," काकू पडद्याकडं वळून म्हणाल्या. "इथं नीट लक्ष द्या." टेप फिरवला. "अडतीस."

आणि त्या थांबल्या. त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं. चेहरा लाल, डोळे किंचित बाहेर.

"अहो, श्वास सोडा."

"सोडलाय," काटेसाहेब ओठ न हलवता म्हणाले.

"सोडा म्हणते ना!"

 पडद्यावरचे सगळे चेहरे पुढं झुकले. काटेसाहेबांनी जमेल तेवढा दम धरला. मग फुस्सकन आवाज झाला, आणि काकूंच्या बोटांतून टेप सरसर पुढं सरकला.

"एक्केचाळीस!" काकू म्हणाल्या. "लिहून घ्या. गिऱ्हाईक कितीही प्रामाणिक असलं तरी कंबरेच्या मापात तीन इंच चोरतंच."